मुठीचा तांदूळ

आईने भातासाठी तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ ती परत काढायची आणि चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. घरात तांदूळ भरपूर असो की तळाला गेलेला असो, मूठ चुकायची नाही. आमच्या मिझोरामात ख्रिस्ती घरांतल्या बायका हे करतात. आठवड्याला चर्चच्या बायका टोपल्या घेऊन दारोदार येतात, डबे रिकामे करून नेतात, आणि त्या तांदळाच्या जोरावर लांबलांबच्या मुलखांत मिशनरी पाठवले जातात. आम्ही त्या मुठींवरच इथे आलो होतो. म्हणजे माझा फ्रॉक, माझी पाटी, बाबांची सायकल, सगळं कुणा ना कुणा बाईने आपल्या भातातून बाजूला काढलेलं. आईने मला हे इतक्या वेळा ऐकवलं की ताटात भात टाकायची माझी कधी हिंमत झाली नाही. आजही होत नाही. साखर वाढली आहे, डॉक्टर भात कमी करा म्हणतात, मी हो म्हणते आणि पातेलं निपटून खाते.

देश एकच, पण आईच्या लेखी आम्ही परदेशीच आलो होतो. डोंगर उतरायला बस, मग आसाम, मग कलकत्ता, मग नागपूर, आणि शेवटी नागपूरहून नागभीडला येणारी लहान रुळांची गाडी. ती इतकी सावकाश चालायची की पुढच्या डब्यातून उतरलेला माणूस सोबत गप्पा मारत चालायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. नागभीडहून एसटीने चिमूरच्या रस्त्याला लागायचं आणि फाट्यावर उतरून गावापर्यंत पायी. आई पहिल्या दिवशी अंगणात उभी राहून चारी दिशांना बघत राहिली. एका बाजूला जंगल, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या, सपाट. ती म्हणाली, इथे नजर अडायला एकही डोंगर नाही, माणसाला झोप लागणार कशी? गावाने आम्हाला आधी नेपाळी ठरवलं. बाबांना दोघांनी विचारलंसुद्धा, की पहाऱ्याचं काम करणार का, आणि किती घेणार. मग कुणीतरी बाबांच्या हातात बायबल पाहिलं आणि त्या दिवसापासून ते पादरीभाऊ झाले, आई पादरीनबाई. मी तेवढी रिनी राहिले, कारण नाव सोपं होतं.

आईचं मन हळूहळू रमवणाऱ्या गोष्टी अगदी लहान होत्या, आणि तिने मागितलेली त्यांत एकही नव्हती. तिने प्रार्थनेत चांगलं घर मागितलं होतं; मिळालं ते घरमालकीण वच्छलाबाईंच्या वाडीतलं दोन खणांचं कौलारू घर, ज्याच्या छपरातून मांजर थेट आमच्या अंथरुणावर उडी मारायचं. पण इथे लोक भात खात होते. सकाळी भात, संध्याकाळी भात. महाराष्ट्रात लोक भाकरी खातात असं आईला कुणीतरी सांगून ठेवलं होतं आणि ती महिनाभर त्या भाकरीच्या धास्तीत होती. पहिल्या संध्याकाळी वच्छलाबाईंनी वाफाळता भात आणि वर लाखोरीच्या डाळीचं वरण पाठवलं, तेव्हा आईने डोळे मिटून जे आभार मानले ते मोठ्या सणाच्या उपासनेतही मी कधी ऐकले नाहीत. पुढे पावसाळ्यात तिला वास्ते सापडले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्याकडे ते रोजचं खाणं, आणि आईला वाटायचं ते जगात फक्त आमच्याच डोंगरांत मिळतात. आठवडी बाजारात एका बाईच्या टोपलीत तिने ते पाहिले आणि चिखलातच खाली बसली. टोपलीवाली घाबरून उठली, तिला वाटलं हिला चक्कर आली.

ती टोपलीवाली म्हणजे पार्बताबाई. आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. मजुरीला जायची, पावसाळ्यात रानातून वास्ते, भाज्या आणून विकायची. नवरा तापाने गेला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. उंच, हाडकुळी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. त्या दिवसापासून ती येऊन आमच्या ओसरीवर बसायला लागली. आईला मराठी येत नव्हती, पार्बताबाईला मिझो येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी दोघी तासतासभर बोलायच्या. पार्बताबाई आपल्या जावेच्या तक्रारी सांगायची, आई आपल्या आईच्या आजारपणाचं सांगायची, दोघी एकमेकींकडे बघून माना हलवायच्या आणि समाधानाने उठायच्या. मी मधे पडून अर्थ सांगायला गेले तर दोघी मला गप्प करायच्या. मला तेव्हा याचा राग यायचा. बारा वर्षांची मी, शाळेत पहिल्या तिनांत, मराठी घडाघडा बोलणारी. मला वाटायचं की या गावात आणि आमच्या घरात काय चाललं आहे ते फक्त मला एकटीला कळतं.

बाबांचं काम मात्र काही केल्या पुढे सरकत नव्हतं. आमच्याकडे उपासनेत ढोल वाजवतात, म्हणून बाबांनी घरून ढोल आणला होता. धान कापून झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी त्यांनी तो अंगणात वाजवला, आणि काय सांगू, चाळीसेक माणसं आली. बसायला पोती घेऊन आली, पोरांना कडेवर घेऊन आली, एका म्हातारीने तर चिवड्याचं गाठोडंही आणलं. बाबांचा चेहरा फुलला. आमच्या या झाडीपट्टीत तो नाटकांचा हंगाम असतो आणि ढोल वाजला की लोक पोतं घेऊन निघतात, हे बाबांना कुठून माहीत असणार? आम्ही तिघांनी तीन सुरांत गाणी म्हटली, बाबा मोडक्या मराठीत बोलले. लोकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढे बसलेल्या एका आजोबांनी उठून मनापासून सल्ला दिला की गाणं मस्त हाये, पण पार्टीत एक विनोदी पात्र पायजे. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्यानंतर आमच्या मंडळीत आम्ही तिघं आणि उंबऱ्याबाहेर बसून चिंचा फोडत गाणी ऐकणारी पार्बताबाई, एवढीच माणसं होती.

मुठीचा डबा तर भरतच होता. न्यायला येणार कोण? एक डबा भरला, दुसरा भरला. तो तांदूळ देवाचा, घरात शिजवायचा नाही. गावात सगळ्यांच्या घरी धान, विकायचा कुणाला? आई डब्यातले किडे निवडायची, ऊन द्यायची, परत भरून ठेवायची, आणि दर वेळी म्हणायची की इथे मूठ घ्यायला कुणी नाही, हेच मला सगळ्यात एकटं वाटतं. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, की तुमची तीन वर्षं पुरी होत आहेत, आणखी तीन राहणार की परत येणार ते कळवा. बाबांना राहायचं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आईवर सोडलं. आई म्हणाली विचार करते. मला राहायचं होतं, फार राहायचं होतं, कारण मला आता स्वप्नंसुद्धा मराठीत पडत होती.

त्याच दिवसांत वच्छलाबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण झालं. आईला वच्छलाबाईंनी स्वतःचं लुगडं नेसवून नेलं. बायकांनी त्या मुलीची ओटी भरली आणि मग जमलेल्या सगळ्या सवाशिणींच्या पदरात हळदीकुंकू लावून मूठमूठ तांदूळ घातला, आईच्याही. पादरीनबाई झाली तरी सवाशीण ती सवाशीण, असं वच्छलाबाईंचं साधं मत होतं. आईने पदरातल्या तांदळाकडे पाहिलं आणि तिचे डोळे असे चमकले की मला लाज वाटली. मिझोत मला म्हणाली, बघ, इथेही मूठ काढतात, आपल्यासारखीच. मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, हो, देवासाठी बायका एकमेकींना देतात. मग आईचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं. पार्बताबाई सकाळपासून पुऱ्या लाटायला आली होती आणि आता दाराआड बसली होती, पदर रिकामा. आईने विचारलं, तिला का नाही दिला? मला कारण माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, तांदूळ संपला असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. गाणी झाल्यावर आईने डबा उघडला, ओंजळ भरून तांदूळ रुमालात घेतला आणि मला घेऊन बोरिंगवर गेली. तिथे सात-आठ बायका पाणी भरत होत्या. पार्बताबाई हँडल मारत होती. आईने जवळ जाऊन हसत तिचा पदर पुढे ओढला, त्यात तो सगळा तांदूळ ओतला आणि वर आमच्या भाषेतलं एक कडवंही म्हटलं. घागरी जागच्या जागी राहिल्या. एक बाई दुसरीकडे बघत होती, तिसरी जमिनीकडे. पार्बताबाईने पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, तांदूळ सांडू नये म्हणून धरतात तसा, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. घागर तिथेच टाकून घरी गेली. आई मला म्हणाली, किती लाजाळू आहे.

सोमवारी मेश्राम बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या, आणि पुढे मी नागभीडच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं त्याचा दोष त्यांच्याकडेच जातो. त्यांनी मला बाकावर बसवून सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय, ती कुणाची भरतात, नवरा गेल्यावर का भरत नाहीत, आणि अशा बाईच्या पदरात चारचौघींत तांदूळ टाकणं म्हणजे काय समजतात. मग म्हणाल्या, "आमी दीक्षा घेतली तवापासून हे सारं सोडलं. सोडलं म्हणतो आपलं. माह्या विधवा सासूले कोन्या कार्यात कोणी पुढं बसवते काय, ते पाह्य एकदा." मी घरी कशी आले ते आठवत नाही. आईला सांगितलं, सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सोडून: तांदूळ संपला असेल हे मी मनाने ठोकून दिलं होतं, ते सांगितलं नाही. मला भीती वाटली. आजही मी ते लिहिताना क्षणभर पेन थांबवलं.

आईने डब्याचं झाकण लावलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. पार्बताबाई आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, रविवारी गाण्यालाही नाही. बोरिंगवर आई गेली की बायका नीट बोलायच्या, जास्तच नीट बोलायच्या. आठ दिवसांनी आई बाबांना म्हणाली, येतो म्हणून लिहा. तीन वर्षांत मला इथे एक माणूस मिळालं आणि मी तिचा गावासमोर अपमान केला, आणखी तीन वर्षं मी कशाच्या बळावर काढू? बाबांनी पत्र लिहिलं. पण पेटीत टाकायला ते रोज विसरत होते. सायकलवरून जायचे, परत यायचे, आणि पत्र त्यांच्या खिशात तसंच असायचं. आई काही म्हणायची नाही.

पत्र लिहिल्याच्या चौथ्या दिवशी मी शाळेतून परस्पर पार्बताबाईच्या घरी गेले. ती अंगणात सुपाने पाखडत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की आईला काही माहीत नव्हतं. तिने मला विचारलं होतं, पार्बताबाईला का नाही दिला, आणि मला माहीत नसताना मी म्हटलं तांदूळ संपला. म्हणून तिने घरचा आणला. माझी चूक आहे, आईची नाही, आणि आम्ही आता परत जाणार आहोत. हे बोलताना मी रडत होते आणि नाकही वाहत होतं. पार्बताबाईचं सूप थांबलं नाही. सगळं पाखडून झाल्यावर तिने कोंडा फुंकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, घरी जाय. एवढंच. मी घरी आले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भात करायला बसली होती तेव्हा पार्बताबाई आली. ओसरीवर बसायची तिची सवय, पण आज ती आत आली आणि चुलीपुढे टेकली. आई उठली. तिने बाबांकडून दोन शब्द पाठ करून ठेवले होते, ते ती दहा-बारा दिवस कामं करता करता पुटपुटत होती. "माझं चुकलं," आई म्हणाली. इतकं शुद्ध मराठी ती आयुष्यात पुन्हा बोलली नाही. पार्बताबाईने हाताने तिला खाली बसवलं आणि मला जवळ बोलावलं. आज पहिल्यांदा तिने मला अर्थ सांगायला बसवलं होतं.

"तुह्या मायले सांग. मले वाटलं होतं का हे मुद्दाम केलं. मले वाटलं, पादरीनबाई मले चार बायांत सुधरवून राह्यली. त्याचा राग आला मले. आता ही पोरगी म्हणते का चुकून झालं. चुकून झालं असन तं मंग काई नाई."

मी सांगितलं. पार्बताबाई चुलीत काडी सारत होती.

"तो तांदूर फेकून देवाव म्हटलं," ती पुढे म्हणाली. "पण तांदूर फेकवत नाई वो बाई. इतके दिवस टोपलीत पडून राह्यला, चिमण्या यायले लागल्या. मंग काल पोरगी गेल्यावर शिजवला. दार लावून खाल्ला. बारा वरसांनं ओटीचा भात खाल्ला मी." तिने जाळ सारखा केला. "भातासारखाच लागते."

मी तेही सांगितलं, जसंच्या तसं, एकही शब्द पदरचा न घालता. आई आधी बघतच राहिली, मग तिला हसू फुटलं. ते हसू पार्बताबाईला लागलं, आणि दोघी चुलीसमोर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. कितीतरी वेळ. मी मधे बसून दोघींकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, कारण मी केलेलं निस्तरलं होतं आणि ते मी निस्तरलं नव्हतं. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की भात करपतो आहे. तो करपलाच.

पुढच्या काळात कुणाकडे कार्य असलं की आई जायची, पण हळदीकुंकवाच्या वेळी उठून मागच्या दाराशी पार्बताबाईजवळ जाऊन बसायची. वच्छलाबाई एकदोनदा तिला बोलवायला आल्या. आईने हात जोडले, त्या परत गेल्या. यावरून गावात थोडी कुजबुज झाली आणि थांबली. कुठलीही रीत त्यामुळे बदलली नाही, बदलली असं मला सांगता आलं असतं तर आवडलं असतं. दोन बायका मागच्या दाराशी बसून दोन भाषांत बोलायच्या, इतकंच झालं.

पार्बताबाई परत आली त्या दिवशी दुपारी बाबांनी खिशातलं पत्र काढलं, फाडलं आणि कोरा कागद घेऊन बसले. राहतो म्हणून लिहायचं तर तीन वर्षांच्या कामाचा अहवालही सोबत द्यावा लागे. तो तिकडे मोठ्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवत. किती जण विश्वासात, म्हणजे ख्रिस्ती धर्मात, आले, या प्रश्नापुढे बाबांनी लिहिलं, कोणी नाही. ते खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. मग पेन वर धरून त्यांनी आईला विचारलं, की तुला काही सांगायचं आहे का? आई संध्याकाळच्या भाताचे तांदूळ धूत होती. ती म्हणाली, लिहा, एक बाई आमच्यावर रागावली होती, ती परत आमच्या घरी आली आहे.

बाबा म्हणाले, "आणि? लोक तीन वर्षं आपल्या भातातून मूठ काढत आहेत. त्यांना हे एवढंच वाचून दाखवायचं?"

आईने पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं. "लिहा तसंच," ती म्हणाली. "मूठ बायका काढतात. त्यांना कळेल."